काही डाउट आहे का?

प्रश्न ९.४७. उत्तर ९.४७. उत्तर कोणी दिलं: शिक्षिकेनं.

पंचनाम्यात लिहावी तशी ही ओळ. ए-फोर कागद, माझा तास बघून विभागप्रमुखांनी लिहिलेला, दुमडून स्टाफरूममधल्या माझ्या टपालाच्या खणात ठेवलेला. त्यावर चांगलंही पुष्कळ लिहिलं होतं. फळ्यावरचं अक्षर स्वच्छ, मुलं पाच मिनिटांत कामाला लागतात, वह्या वेळेवर तपासलेल्या. पण परतताना बसमध्ये, मग घरी कुकरच्या शिट्ट्या मोजताना, मग अंथरुणात पडल्यावरही मला आठवत राहिली ती एवढीच ओळ. दातात बडीशेप अडकावी तशी. जीभ पुन्हापुन्हा तिथेच.

कॉव्हेंट्रीतल्या एका माध्यमिक शाळेत मी गणित शिकवते. त्याआधी अकरा वर्षं सांगली जिल्ह्यात हेच करत होते. १ फेब्रुवारी २०२३ पासून इंग्लंडनं भारत, घाना, नायजेरिया, जमैका अशा काही देशांतल्या गणित, विज्ञान आणि भाषेच्या शिक्षकांना आपापल्या देशातल्या शिक्षणाच्या जोरावर इथली शिक्षक म्हणून मान्यता मागायची वाट मोकळी केली. त्या वाटेनं आलेल्यांपैकी मी एक. गणित तेच. वजा वजाच. पण सांगलीला मी शिकवत असताना मागच्या बाकावर येऊन कोणी बसत नसे, आणि इथे महिन्यातून एकदा तरी बसतंच. कधी ठरवून तासभर, कधी नुसतं दार ढकलून दहा मिनिटं. त्या दहा मिनिटांच्या फेरीला ‘लर्निंग वॉक’ म्हणतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, मुलांना कुठे मैदानावर फिरायला न्यायचंय.

तर तो पाठ. नोव्हेंबर, दुसरा तास. बाहेर पाऊस, रेडिएटर तापलेले, आणि सत्तावीस ओल्या कोटांचा तो वास, जो कुठल्याही देशात ओल्या कुत्र्याचाच असतो. वर्ग इयर एट, म्हणजे वयानं आपली सातवी, चौथा सेट. इथे गणितात मुलांचे सेट पाडतात. चौथा म्हणजे ज्यांना आपण ‘कच्ची’ म्हणतो ती. विषय ऋण संख्यांची वजाबाकी. विभागप्रमुख मागे येऊन बसल्या. निवृत्तीला आलेल्या, बारीक, गुडघ्यावर कागद, हातात साधी पेन्सिल. (त्यांना नुसत्या पहिल्या नावानं हाक मारायची असते. माझ्या तोंडून ‘मॅडम’ जायला चार महिने लागले. अजूनही घाईत निसटतं.)

३ वजा कंसात ऋण ५. मी फळ्यावर दोन वजा चिन्हं लाल केली, जोडून एक उभी रेघ मारली, अधिक झालं. वजा वजा अधिक. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग मी विचारलं, “असं का होतं?” आणि लगेच सांगूनही टाकलं की डोक्यावरचं कर्ज कोणी काढून घेतलं तर माणूस श्रीमंत होतो, तसं. मग मुलांनी आपापल्या पांढऱ्या छोट्या बोर्डवर उदाहरणं सोडवली. त्या बोर्डला मी मनात पाटीच म्हणते. पाट्या वर करा म्हटलं, सत्तावीस पाट्या वर झाल्या. पैकी खिडकीजवळच्या मुलाच्या पाटीवर उणे ३ वजा ५ बरोबर अधिक ८. का? वजा वजा अधिक. मीच तर सांगितलं होतं. दोन वजा दिसले, त्यानं जोडून टाकले. “नाही, पुन्हा बघ,” म्हणाले आणि पुढच्या पाटीकडे वळले. विभागप्रमुखांची पेन्सिल तेव्हा हलली होती. मला दिसली होती.

खरं सांगायचं तर सांगलीला मी हा भाग असा शिकवत नव्हते. तिथे किराणा दुकानाची वही होती. तीन रुपये उधारी, वर आणखी पाच उधारी, किती झाली? वर्गातलं ढिम्मातलं ढिम्म पोरही ओरडायचं, आठ रुपये उधारी. कारण त्या वहीवर त्याला आईनं पाठवलेलं असायचं आणि दुकानदारानं चार लोकांत आवाज चढवलेला असायचा. ऋण संख्या त्याच्या पोटात होती, नियमाची गरजच नव्हती. इथल्या मुलांच्याही पोटात ती आहे, फक्त वेगळ्या रस्त्यानं गेलेली. सकाळी गाडीच्या काचेवरचं दहिवर खरवडताना वडील शिव्या घालतात, ते उणे तीन. रात्री आणखी पाचनं उतरलं तर किती, हे त्यांना न शिकवता येतं. हे मला ठाऊक होतं. पण मागे माणूस बसलेलं होतं, तास दिसायला सुटसुटीत हवा होता, म्हणून मी नियम फेकून मोकळी झाले.

बघणारं कोणी आलं की शिकवणं बदलतं. हे काही इंग्लंडला येऊन कळलं नाही.

माझे वडील, अण्णा, आटपाडी तालुक्यातल्या एका वाडीवर दोनशिक्षकी शाळेत होते. मी त्याच शाळेत, त्यांच्याच वर्गात. तपासणीला साहेब येणार असं कळलं की आदल्या दिवशी अभ्यास बंद. आम्ही मुली शेण आणून वर्ग सारवायचो, मुलं आवारातले दगड वेचायची. कपाटातला पृथ्वीचा गोल वर्षातून तेवढ्या एका दिवशी टेबलावर यायचा आणि साहेबांची जीप वळली की परत कुलपात. त्यामुळे बरीच वर्षं माझी समजूत अशी होती की पृथ्वी साहेबांबरोबर येते. साहेब वर्गात फार तर दहा मिनिटं. एखाद्याला पाढा विचारायचा, एखाद्याची वही उलटायची, मग ऑफिसात चहा-पोहे आणि शेरेबुक. अण्णांना मिळालेला एक शेरा घरात सगळ्यांना पाठ आहे: ‘वर्गात उत्तम शांतता राखली जाते. अध्यापन समाधानकारक.’ हे वाक्य ते अजून सांगतात, आणि सांगताना ‘उत्तम’वर जरा थांबतात.

बी.एड.ला तर बघण्याचीच परीक्षा होती. पाठ काढायचे, त्यांची टाचणं लिहायची, आणि सोबतच्या छात्राध्यापकांचे पाठ बघून निरीक्षण वही भरायची. प्रस्तावना, उद्देशकथन, विषयविवेचन, फलकलेखन, असे रकाने. हर्बर्टची पंचपदी, म्हणजे पाठाच्या पाच पायऱ्या, आम्हाला झोपेतून उठवून विचारली असती तरी आली असती. कबूल करते, माझ्या वहीतली निम्मी निरीक्षणं कॉलेजसमोरच्या चहाच्या टपरीवर बसून लिहिलेली आहेत, मुळात न बघितलेल्या पाठांची. ‘छात्राध्यापिकेचा आवाज स्पष्ट होता. प्रश्न विद्यार्थ्यांना विचारप्रवृत्त करणारे होते.’ कोणते प्रश्न, कोण विद्यार्थी, कसला विचार? ती वही तपासून सही करणाऱ्यांनीही ती वाचली नव्हती. सगळा मामला सामोपचाराचा. आज वाटतं की मला तेव्हा बघायला शिकवलंच नव्हतं, बघितल्याची नोंद करायला शिकवलं होतं.

तेव्हा ९.४७ ही वेळ पाहून मी हबकले ती चूक निघाली म्हणून नाही. कोणीतरी खरंच बघितलं होतं म्हणून.

दोन दिवसांनी विभागप्रमुख आणि मी बोलायला बसलो. त्यांनी आधी भाषेचा विषय काढला, अगदी जपून, माझ्या उच्चारांना हात न लावता. “तू तासाच्या शेवटी मुलांना ‘एनी डाउट्स?’ विचारतेस. त्यांना ते कळत नाही. त्यांना वाटतं, त्यांचा तुझ्यावर विश्वास आहे की नाही हे तू विचारते आहेस.” मी हसले आणि मग गप्प झाले. वर्षभर मी रोज पाच-पाच वर्गांना विचारत होते, तुमचा माझ्यावर संशय आहे का? आणि मुलं सभ्यपणे ‘नो मिस’ म्हणत होती. आपल्याकडे डाउट म्हणजे शंका, शंका म्हणजे विचारायचा प्रश्न. डाउट क्लिअर करायला मुलं क्लासला जातात. इथे डाउट म्हणजे फक्त शंका घेणं. तोच शब्द, पण सीमा ओलांडताना त्याचा अर्धा अर्थ कस्टममध्ये काढून घेतला.

दुसरा शब्द ‘इन्टू’. आपण पाच इन्टू चार म्हणतो तेव्हा उत्तर वीस. इंग्रज पोराला फाइव्ह इन्टू ट्वेंटी म्हटलं की तो भागाकार करतो, पाच विसात किती वेळा जातात, चार. म्हणजे मी गुणाकार बोलत होते आणि ती भागाकार ऐकत होती. माझ्या बोलण्यात कुठे चूक नाही, त्यांच्या ऐकण्यात नाही, आणि मधल्या मधे कुणाचं तरी उत्तर चुकत होतं. अपूर्णांकाला मी ‘थ्री बाय फोर’ म्हणायची. त्यावर एका मुलीनं वहीत तीन सेंटिमीटर बाय चार सेंटिमीटरचा आयत काढला होता, पट्टी लावून, सुबक. ती वही मी जपून ठेवायला मागितली, तिनं दिली नाही.

मग ९.४७. त्या म्हणाल्या, “तू फार चांगला प्रश्न विचारलास. असं का होतं? पण मग त्यांना उत्तर द्यायला वेळच दिला नाहीस. घाई कसली होती?” आणि गप्प बसल्या. मला नंतर लक्षात आलं की त्या मुद्दाम गप्प बसल्या होत्या. पेन्सिल टेबलावर ठेवली, हात मांडीवर, नजर माझ्यावर, आणि बाहेर मधल्या सुट्टीचा गोंधळ. मी सहन न होऊन बोलायला लागले.

ही काही त्यांची लहर नाही. मेरी बड रो नावाच्या अमेरिकन बाईंनी विज्ञानाचे शेकडो तास टेपवर ध्वनिमुद्रित करून शिक्षक प्रश्नानंतर किती थांबतात हे मोजलं. सरासरी एक सेकंद. तेवढ्यात उत्तर आलं नाही तर शिक्षक प्रश्न फिरवतो, दुसऱ्याला विचारतो, नाहीतर स्वतःच सांगतो. १९७४ मध्ये त्यांनी हे छापलं. आणि थांबणं तीन सेकंदांवर नेलं तर मुलांची उत्तरं लांब होतात, एरवी न बोलणारी बोलतात, मुलं आपणहून प्रश्न विचारायला लागतात, हेही. तीन सेकंद काही फार नाहीत. पण वर्गासमोर उभं राहून मोजून बघा. दुसऱ्या सेकंदाला घसा कोरडा पडतो.

घाई कसली होती, याचं उत्तर मला त्या खोलीत देता आलं नाही. ‘पोर्शन’ असं मी म्हणाले. सांगलीला एका तुकडीत सत्तर मुलं, वार्षिक नियोजन, पोर्शन मार्चच्या आत संपवायचा, तिथे थांबणं परवडत नाही. हे खरंच आहे. पण इथे सत्तावीस आहेत आणि पोर्शन इतका छळत नाही. मग? मग असं की शांतता मला दोन बाजूंनी चावते. एक, मी ज्या वर्गात वाढले तिथे प्रश्नानंतरची शांतता म्हणजे येत नाही, आणि येत नाही म्हणजे छडी. अजूनही वर्ग गप्प झाला की कोणाला तरी आता लागणार असं माझ्या तळहाताला वाटतं. दुसरं जरा लाजिरवाणं आहे. मी बोलत असते तोवर वर्ग माझा असतो. थांबले की कोणीतरी काहीतरी विचारणार, भरभर, शब्द गिळत, त्या मिडलँड्सच्या, म्हणजे मध्य इंग्लंडच्या हेलात, आणि मला ते पहिल्या झटक्यात कळणार नाही, आणि मला ‘सॉरी?’ म्हणावं लागणार. दुसऱ्यांदा ‘सॉरी?’ म्हटलं की मागून कोणीतरी फिसकन हसणार. विषय माझा, भाषा त्यांची. शांतता आली की पारडं तिकडे झुकतं. हे कागदावर कुठल्या रकान्यात लिहिणार?

इथल्या शिक्षकांनाही बघितलं जाण्याची भीती आहेच, ती वेगळ्या पदराची. ऑफस्टेड ही तपासणी यंत्रणा १९९२ ची. २०१४ पर्यंत तिचे निरीक्षक एकेका तासालाही श्रेणी द्यायचे. ते थांबलं, पण आख्ख्या शाळेवर एका शब्दाचा शिक्का मारणं चालू राहिलं. जानेवारी २०२३ मध्ये रेडिंगमधल्या एका मुख्याध्यापिकेनं जीव दिला. त्याला तपासणीचाही हातभार लागल्याचं त्या डिसेंबरात मृत्यूच्या न्यायालयीन चौकशीत नमूद झालं, आणि सप्टेंबर २०२४ पासून तो एक शब्द गेला. स्टाफरूममध्ये तो विषय निघाला की कपात ढवळणारे चमचे थांबतात. आमच्या शेरेबुकात ‘समाधानकारक’ लिहिल्यावर अण्णांनी पेढे वाटले असते. इथल्या तपासणीत त्याच अर्थाचा शब्द २०१२ मध्ये काढून टाकला आणि त्या जागी ‘सुधारणा आवश्यक’ आलं.

जानेवारीत मला दुसऱ्याचा तास बघायला पाठवलं. विज्ञानाचे एक शिक्षक आहेत, घानाचे, माझ्यासारखेच नव्या वाटेनं आलेले. मी मागच्या कोपऱ्यात, हातात कागद, आणि बसल्याबसल्या लक्षात आलं की मी इतकी वर्षं वर्ग फक्त पुढून बघितलाय. पुढून चेहरे दिसतात आणि चेहरे ऐकत असल्यासारखे ठेवता येतात. मागून वर्ग वेगळाच दिसतो. टेबलाखाली एक मुलगी गुडघ्यावरची खपली अगदी सावकाश, कडेनं कडेनं सोडवत होती. एकानं खोडरबराच्या चाळीस बारीक गोळ्या करून त्यांची रांग लावली होती. पुढून दंगेखोर दिसणारा एक जण सगळं उतरवून घेत होता, फक्त मान खाली घालून, जणू कोणाला कळू नये. शिक्षकांनी काहीतरी म्हटलं, त्यांच्या उच्चारावर दोन पोरं हसली, ते स्वतःही हसले आणि तो शब्द फळ्यावर लिहून म्हणाले, हा. पुढे चालू. मला ते इतक्या वर्षांत जमलेलं नाही. माझ्या कागदावर ‘उच्चार’ असा रकाना नव्हता, मी समासात लिहिलं.

तासानंतर त्यांनी विचारलं, काय दिसलं? मी खपलीचं सांगितलं. ते एकदम गंभीर झाले. म्हणाले, “कोणत्या मिनिटाला?” आणि मला सांगता आलं नाही. मी वेळ लिहिली नव्हती.

रविवारी अण्णांना फोन केला. व्हिडिओ कॉल, त्यांचं अर्धं कपाळ आणि वरचा पंखा. मी ९.४७ ची सगळी हकिगत सांगितली, तीन सेकंदांचं संशोधनही सांगितलं. त्यांना फार मजा वाटली. म्हणाले, “एवढ्यासाठी अमेरिकेत टेप लावले व्हय?” मग जरा आवाज खाली आणून, आई स्वयंपाकघरात आहे बघून, “अगं, मी प्रश्न घालायचो आणि तंबाखू थुंकायला बाहेर जायचो. पार बांधापर्यंत. जरा उन्हात उभा राहायचो. परत येईस्तोवर कुणाला तरी उत्तर सापडलेलं असायचं. आपापसात भांडून काढायची पोरं.” मी म्हटलं, “आणि शेरेबुकातली ती उत्तम शांतता?” “ती साहेबासमोर,” अण्णा म्हणाले. “साहेबासमोर तंबाखू खाता येतो का?”

मला आठवलं. पार विसरले होते. अण्णा बाहेर गेले की वर्गात जो कल्ला व्हायचा तो. पाटीवरचं पुसून पुन्हा लिहिणं, दुसऱ्याच्या पाटीत डोकावणं, ‘तुझं चूक’, ‘तुझंच चूक’, आणि दारात त्यांच्या चपलांचा आवाज आला की सगळे एकदम जागेवर. वजाबाकीतला हातचा मला त्या कल्ल्यात कळला होता. अण्णांनी नाही शिकवला. कोणी शिकवला ते नाव आठवत नाही, फक्त तिची पाटी कोपऱ्यात फुटलेली होती.

पुढच्या आठवड्यात तोच चौथा सेट. बाहेर काचा गोठलेल्या. फळ्यावर मी दोनच गोष्टी लिहिल्या: उणे ३ वजा ५, आणि ३ वजा ऋण ५. ही दोन सारखी आहेत का? आणि थांबले. मनात मराठीत मोजलं, एक, दोन, तीन. घसा कोरडा. चार. रेडिएटरमध्ये पाणी गुरगुरलं. सहाव्या की सातव्या आकड्याला खिडकीजवळच्या त्या मुलानं हात वर केला. माझ्या पोटात काहीतरी हललं.

“मिस, टॉयलेटला जाऊ?”

जा म्हटलं. वर्ग हसला, मीही हसले, आणि त्या हसण्यात कोणीतरी शेजारच्याला म्हणालं की सारखी नाहीत ना ती, एक थंडी वाढवणं आहे आणि एक थंडी काढून घेणं. शेजारच्याला पटलं नाही. मी फळा पुसायचं निमित्त काढून पाठ फिरवली. तो मुलगा परत आला, हात पँटला पुसत बसला, पाटी पुढे ओढली. बाकांमधून जाताना मी हळूच पाहिलं. आजही तोच अधिक ८ होता, पुसलेला नव्हता. पण आठच्या शेजारी, बारीक, जरासं तिरपं, त्यानं एक प्रश्नचिन्ह काढलं होतं.

मी पुढच्या बाकाकडे गेले. तासाला अजून बावीस मिनिटं होती.